येन्याची पत्रिका

जालना,
४ सप्टेंबर १९९८

प्रिय सगुणा,

"या पोरीच्या हातात दिलेली वस्तू हरवत न्हाई, फक्त पोचत न्हाई." तुझी आई, नंदाबाई, माझ्याबद्दल हे म्हणाली तेव्हा आपण दोघी टेंभुर्णीच्या शाळेत चौथीत होतो. तिनं मला शेजारच्या गल्लीत द्यायला वाटीभर तीळ दिले होते. संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी माझ्या दप्तरातून ती वाटी निघाली. एक दाणा सांडला नव्हता. या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. काल ते वाक्य पुन्हा आठवलं, कारण तुझ्या सुनेसाठी केलेले डिंकाचे लाडू माझ्याच कपाटात सापडले. वाळे आणि झबलं तरी पोचलं ना गं बाळाला?

तुझ्या नातवाच्या बारशाला मी दोन तास उशिरा का आले, ते त्या गर्दीत सांगता आलं नाही. त्या दिवशी आमच्या बियाण्यांच्या कंपनीत सुपारी फुटली. लग्नाची नव्हे, येनची.

येन म्हणजे जपानचं नाणं. शंभर येनला आपले तीस रुपये पडतात. आमच्या मालकांनी, अण्णासाहेबांनी, दोन वर्षांपूर्वी बी निवडायचं यंत्र जपानहून आणलं, ते तू पाहिलं आहेस. एकेक दाणा डोळ्यासमोरून सोडतं आणि काळा दिसला की फुंकून उडवतं. त्यासाठी कर्जही जपानच्या नाण्यात काढलं, कारण इथे व्याज शेकडा सोळा आणि तिकडे दोनच्या आत. तेव्हा अण्णासाहेब मला म्हणाले होते, "अरुंधतीबाई, हे कर्ज न्हाई, हा आहेर आहे."

पण हप्ता येनमध्ये फेडायचा. पंधरा डिसेंबरला एक कोटी येन. तोवर येन महागला की आपले रुपये जास्त जाणार. शिवाय व्याजही कायमचं ठरलेलं नाही. दर सहा महिन्यांनी बाहेरच्या बाजारात जे चालू असेल तसं ते बदलतं, म्हणून बँकवाले त्याला तरंगतं व्याज म्हणतात. अण्णासाहेबांनी विचारलं, "तरंगतं ते ठीक. बुडतं कधी?"

तर त्या दिवशी औरंगाबादहून बँकेचे वामनराव आले. म्हणाले, डिसेंबरचा भाव आजच बांधून टाका. शंभर येनला एकतीस. मग येन पन्नासावर जावो, तुम्हाला एकतीसनंच मिळेल. अण्णासाहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी पाट मांडायला लावला. नारळ आला. आमच्या कचरू शिपायानं कोपऱ्यावरून सुपारी आणली, अडकित्ता आणला. अण्णासाहेबांनी सुपारी फोडली, अर्धी वामनरावांच्या हातावर ठेवली. त्यांनी बिचाऱ्यांनी खाल्ली. उरलेली अर्धी अण्णासाहेबांनी काडेपेटीत घालून तिजोरीत ठेवली. म्हणाले, "पुरावा."

मग वामनराव घाईनं परतले, आणि त्यांच्यामागे कागदावर अण्णासाहेबांची सही नि शिक्का झाला. कागद मी नीट ठेवला आणि पिशवी उचलून स्टँडकडे पळाले.

आणि तुझी बातमी: टेंभुर्णीला यंदा बारा एकर मिरचीचं बियाणं घ्यायचं अण्णासाहेबांनी पक्कं केलं आहे. तुझ्या हाताखालच्या साठ बायांना डिसेंबर-जानेवारी पूर्ण काम. रोपं टाकायला सांग.

तुझी,
अरू


टेंभुर्णी,
१४ सप्टेंबर १९९८

अरू,

सगुणाचा रामराम. तुझं पत्र पोचलं. तुझ्या हातून काही पोचलं म्हणून मी आधी देवाजवळ साखर ठेवली.

पत्र आलं तवा आम्ही कपाशीच्या प्लॉटात होतो. तुला ठाव हाय, सकाळच्याला एका झाडाच्या फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचा, आदल्या सांजेला त्याचे स्वतःचे केसर खुडून ठेवायचे. म्हणजे रोज हजार लग्नं लावायची, अन् जेवण एकाचं बी न्हाई. बोटं कामात असतात, कान रिकामे. रेडिओचे सेल संपले होते. मंग मी बांधावर उभी राहून तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. बायांना लई आवडलं. सुपारीपासून पुढचं दोनदा वाचायला लावलं.

उषाबाई म्हणली, "तरंगतं व्याज म्हणजे आपली मजुरी. फुलं आली की चाळीस, फुलं सरली की पंचवीस. आपल्याला कोण म्हणत न्हाई तरंगती बाई." कडूबा घरी ऐकून म्हणले (तुझे भाऊजी दहा वर्षांत पहिल्यांदा काही म्हणले), "दोन टक्क्यानं कोणी पैसे देत असंल तर त्यानं बाकीचे अट्ठ्याण्णव कुठं तरी लपवून ठेवले असतील." मला बी तसंच वाटतं.

अन् सुपारीचं म्हणशील तर आपल्या रखमाजीच्या वसंताची सुपारी तीनदा फुटली. लग्न एकदा बी झालं न्हाई. तिसऱ्या टायमाला दुकानदारच म्हणला, "वसंता, आता आधी बायको आण, मंग सुपारी." तवा तुमच्या सायबाला सांग, सुपारीवर जाऊ नका. कागद बराबर पोचलाय का बघा.

बाळाचं नाव मच्छिंद्र ठेवलं ते तू ऐकलंच. पण त्याचं वजन एका हप्त्यात चढतं अन् दुसऱ्या हप्त्यात उतरतं. उषाबाई म्हणली, हा तर येन. तवापासून समदं गाव त्याला येन्या म्हणून राह्यलं. सून रुसली होती, आता ती बी म्हणती. त्याची पत्रिका जोशीबुवांनी काढली. वहीचा कागद फाटका होता, पण तुझ्या झबल्याच्या पुडक्यात एक जाड गुळगुळीत कागद निघाला, मागची बाजू कोरी. त्याच्यावर कुंडली अशी झकास उठली की बुवांनी दक्षिणा वाढवून मागितली. तू आणलास ते बरं झालं.

आता कामाचं. ऊसतोडीचा मुकादम गावात येऊन गेला. दसऱ्याला उचल देतो म्हणतो. एकदा बायांनी त्याचे पैसे घेतले की गेल्या सहा महिने कारखान्याच्या फडात, लेकरंबाळं घेऊन, शाळा सोडून. उषाबाईची पोरगी यंदा सातवीत हाय. मी सगळ्यांना म्हणलं, थांबा, अरूच्या कंपनीचं मिरचीचं काम हाय, मुकादमाला न्हाई म्हणा. म्हणू ना? मला पक्कं कळव. माझ्या एकटीचं असतं तर विचारलं नसतं.

सगुणा


जालना,
२४ सप्टेंबर १९९८

प्रिय सगुणा,

माझी पत्रं तू मोठ्यानं वाचतेस? साठ बायांसमोर? मग मी गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याबद्दल आणि आमच्या ह्यांच्या घोरण्याबद्दल लिहिलं होतं, तेही? आता कळलं, बारशात त्या निळ्या लुगड्यातल्या आजीबाईंनी मला न ओळखता एरंडेल का सुचवलं ते. हे बंद कर. पत्र एकीनं लिहावं आणि एकीनं वाचावं.

मुकादमाला नाही म्हण. बिनदिक्कत म्हण. माझा शब्द.

इकडे अण्णासाहेब येनमध्ये इतके गुंतले आहेत की फाटकाजवळच्या फळ्यावर 'आजचा सुविचार' पुसून कचरू आता 'आजचा येन' लिहितो. काल एकतीस होता. एक शेतकरी बराच वेळ फळा वाचत उभा राहिला आणि आत येऊन म्हणाला, "दोन किलो द्या." मी लेखापालीण बाई, सतरा वर्षं या कंपनीत हिशेब लिहिते आहे, पण आमच्या दारात येनला गिऱ्हाईक आलेलं प्रथमच पाहिलं.

कागदाची काळजी करू नकोस. पुडक्यातला तो बहुधा वाळ्यांच्या दुकानातला असावा, सोनार हल्ली चांगला कागद वापरतात. बाळाच्या कामी आला, छान झालं. आणि कंपनीचा कागद मी नीट ठेवला आहे.

तुझी,
अरू


टेंभुर्णी,
१० ऑक्टोबर १९९८
(पोस्टकार्ड)

अरू,

दसऱ्याला मुकादम आल्ता. पैशाची पिशवी घेऊन आल्ता. साठच्या साठ बायांनी न्हाई म्हणलं. उषाबाई तर म्हणली, "आम्ही आता जपानच्या धंद्यात हाव." तो रागावून पुढच्या गावाला गेला.

बद्रीनाथ कंडक्टर जालन्याहून रोज पेपर आणतो. काल म्हणला, येन एका हप्त्यात छत्तीसवर गेला. प्लॉटात बायांनी टाळ्या वाजवल्या, की आपलं एकतीसला बांधलेलं हाय, जगाचं होवो काही. मी बी वाजवली. पण तुझं पत्र आलं न्हाई. कार्ड मिळताच कळव.

सगुणा


जालना,
१४ ऑक्टोबर १९९८

प्रिय सगुणा,

हे पत्र बायांना वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच, मग ठरव.

येन चढला त्या दिवशी अण्णासाहेबांनी सगळ्यांना जिलबी वाटली. फळ्यावर स्वतः मोठ्या अक्षरात लिहिलं: बाजार ३६, आपण ३१. दुपारी त्यांनी वामनरावांना फोन लावला, कौतुक ऐकायला. मी समोरच बसले होते.

तिकडून काय बोलणं झालं ते मला अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"कागद आला न्हाई? कोणता कागद?... अहो, सुपारी फुटली होती!... तुम्ही खाल्ली का न्हाई खाल्ली?... खाल्ली ना? मग?"

फोन ठेवल्यावर अण्णासाहेबांनी सांगितलं: वामनराव शांतपणे म्हणाले की सुपारी खाल्ली, चांगली होती, पण सही केलेला कागद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बँकेत यायचा होता. आला नाही. कागद नाही म्हणजे भाव बांधलेला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब काडेपेटी खिशात घालून औरंगाबादला गेले. बँकेत सगळ्यांसमोर काचेवर अर्धी सुपारी ठेवली आणि म्हणाले, "ही आमची अर्धी. तुमची अर्धी काढा." वामनरावांनी त्यांना चहा पाजला. तिथल्या मोठ्या साहेबांनी ती सुपारी भिंग घेऊन पाहिली म्हणे. पण नियम तो नियम.

आता डिसेंबरचा हप्ता एकतीसऐवजी छत्तीस लाखांचा झाला. पाच लाख जास्तीचे. ते कुठून काढायचे, तर यंदाचा नवा खर्च थांबवून. सगुणा, अण्णासाहेबांनी टेंभुर्णीचे मिरचीचे प्लॉट रद्द केले.

मी काय लिहू? मी शब्द दिला होता. मुकादम आता दुसऱ्या गावच्या बायका घेऊन निघालाही असेल. कागद कुठे तरी अडकला एवढंच सगळे म्हणत आहेत. अण्णासाहेब बँकेवर चिडले आहेत, कचरू टेलिफोनखात्यावर. माझ्यावर कोणी चिडलेलं नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

रोपं उपटू नकोस अजून.

आणि हो, येन्याची पत्रिका कुठे असते गं? सहज विचारते.

अरू


टेंभुर्णी,
२२ ऑक्टोबर १९९८

अरू,

तू सहज कधी काही विचारत न्हाई. चौथीत मला विचारलं होतं, "सगुणा, तिळाला कीड लागती का गं? सहज." तवाच मला कळायला पाहिजे होतं.

तुझी शेवटची ओळ वाचली अन् मी पेटी उघडली. येन्याचं झबलं, खाली टोपडं, त्याच्याखाली पत्रिका. उलटी केली. समोरच्या बाजूला इंग्रजी, गोल शिक्का, अन् तुमच्या सायबाची सही. मला इंग्रजी येत न्हाई. मी स्टँडवर जाऊन बद्रीनाथला दाखवला. त्यानं एसटीची घंटी हातात धरून वाचलं: एक कोटी येन, पंधरा डिसेंबर, एकतीस रुपये. मंग उलटून मागचं वाचलं: मच्छिंद्र, कर्क रास, आश्लेषा नक्षत्र. तो म्हणला, "सगुणाबाई, नातू लई मोठा माणूस होणार. आत्ताच एक कोटीचा हाय."

गाडीतली माणसं हसली. मला हसू आलं न्हाई. दोन महिने तो कागद माझ्याच पेटीत झोपला होता, अन् मी तुला पत्रात विचारून राह्यले, कागद पोचलाय का बघ.

बायांना काय सांगितलं विचारशील. तुझं पत्र वाचून दाखवलं, पण पत्रिकेची ओळ गाळली. अन् कागद माझ्या घरात निघाला ते तर बिलकुल सांगितलं न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा मी वाचताना काही लपवलं. उषाबाईला संशय आला. म्हणली, "आज पत्र आखूड वाटून राह्यलं."

काम गेलं ऐकून कोणी रडलं न्हाई. मंग उषाबाई म्हणली, "मुकादमाकडं परत जायचं तर पाया पडावं लागंल. त्यापेक्षा बँकेवर जाऊ, त्या वामनरावाला सुपारी ओकायला लावू." साठ बाया तयार झाल्या. मी थांबवलं. गरीब माणूस, त्याची काय चूक.

दिवाळीत येन्याला न्हाऊ घालताना माझ्या डोक्यात एक आलं, ते लिहिते. चुकीचं असंल तर हस.

मागल्या वर्षी एक एकर मिरची आपण नमुन्याला केल्ती. ती बघायला जपानचा तो हायाशी सायेब आल्ता, पिवळी टोपीवाला. त्याला मी भाकरी-ठेचा दिला होता. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, पण ताट सोडलं न्हाई. जाताना वाकून वाकून पाया पडून राह्यला होता. ते मिरचीचं बियाणं त्यानं घेतलंच ना? मंग तुमचं यंत्र त्याच्या मुलखाचं, आपलं बी त्याच्या मुलखाला. मधी रुपया कशाला घालता?

आमच्यात सावड असती. मी तुझ्या रानात दोन दिस खुरपते, तू माझ्या रानात दोन दिस खुरप. गावात मजुरी चाळीस झाली का साठ, आपल्याला काय करायचं? रोजाला रोज. तसं त्याला म्हणा, मिरचीच्या बियाचे पैसे तुझ्याच नाण्यात दे. अन् तेच नाणं उचलून यंत्राच्या हप्त्याला लावा. येन चढंना का आभाळाला, दोन्ही बाजूंनी चढंल.

पण त्यासाठी मिरची लावावी लागंल. रोपं मी उपटली न्हाईत. सांजेला पाणी घालून राह्यले.

कागद या पत्रात घातलाय. पत्रिकेची नक्कल जोशीबुवांकडून करून घेतली, त्यांनी परत दक्षिणा घेतली.

सगुणा


जालना,
२० नोव्हेंबर १९९८

प्रिय सगुणा,

बद्रीनाथबरोबर निरोप पाठवला होता तो मिळाला असेल: रोपं लावा. आता सगळं सविस्तर लिहिते.

तुझं पत्र हातात आलं तेव्हा मी ते कपाटात नीट ठेवलं नाही. तशीच उठले आणि अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "साहेब, त्या दिवशी आपला फॅक्स बंद होता. तुम्ही मला हा कागद स्टँडसमोरच्या दुकानातून पाठवायला दिला होतात. मी पाठवला नाही. चूक माझी आहे."

अण्णासाहेबांनी कागद उचलला. नेमकी मागची बाजू वर आली. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कोणाची पत्रिका?"

"टेंभुर्णीच्या सगुणाबाईंच्या नातवाची."

"धनस्थानात गुरू आहे याच्या. उगीच घाबरता तुम्ही."

"साहेब, पाच लाख माझ्यामुळे गेले."

"तुमच्यामुळं कसे? थांबा." त्यांनी तिजोरीतून काडेपेटी काढली, अर्धी सुपारी तळहातावर घेऊन मला दाखवली. तिला दोन भोकं होती. "ही बघा. किडकी निघाली. किडक्या सुपारीवर ठरलेलं टिकतं का कधी? चूक असंल तर कचरूची."

मी तीनदा सांगितलं. तीनदा त्यांनी सुपारी दाखवली. सगुणा, मला माझी चूकसुद्धा पोचवता आली नाही.

मग तुझं सावडीचं सांगितलं. ते मात्र लगेच पोचलं. अण्णासाहेब खुर्चीतून उठले. "मागल्या वेळी हायाशीचं बिल कशात केलं होतं?" म्हटलं, डॉलरमध्ये. "का?" म्हटलं, सगळे करतात म्हणून. सतरा वर्षं हिशेब लिहिणारी मी, मला हे सुचलं नव्हतं. संध्याकाळी फॅक्स केला. या खेपेला मी यंत्रापाशी उभी राहिले आणि कागद पूर्ण आत जाऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत त्याचं टोक सोडलं नाही. कचरू म्हणाला, "बाई, हात आत जाईल."

चार दिवसांनी उत्तर आलं. येनमध्ये पैसे द्यायला हायाशीसाहेब एका पायावर तयार आहेत, त्यांना उलट डॉलरचीच कटकट होत होती. बारा एकरांचं सगळं बी घेणार. रकमेचा तिसरा हिस्सा डिसेंबरच्या दहा तारखेला आगाऊ. अट एकच: बी त्याच बायांच्या हातचं हवं, कारण मागच्या बियात भेसळ सापडली नाही. खाली एक ओळ होती, ती अण्णासाहेबांनी मला मोठ्यानं वाचायला लावली: 'ज्या बाईंनी मला रडवलं त्यांना नमस्कार.'

म्हणजे डिसेंबरचा निम्मा हप्ता तुमच्या मिरचीतून जाईल. उरलेल्या निम्म्याला अडीच लाखांचा फटका बसेलच, तो अण्णासाहेबांनी स्वतःची नवी जीप पुढे ढकलून सोसला. पुढचा, जूनचा हप्ता पूर्ण उरलेल्या बियाच्या पैशातून. उषाबाईंना सांग, व्याज मात्र तरंगतंच ठेवलं आहे. ते सध्या इतकं खाली आहे की अण्णासाहेब म्हणतात, पाण्याला हात लावू नका, गढूळ होईल.

वामनराव येऊन गेले. फाइल बंद करायला त्यांना तो मूळ कागद हवा होता. मी दिला नाही. म्हटलं, लेकराची पत्रिका आहे. त्यांनी दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून नेल्या. तेव्हा औरंगाबादला बँकेच्या कपाटात आता येन्याची कर्क रास आहे. जाताना अण्णासाहेबांनी त्यांना सुपारी देऊ केली. ते म्हणाले, "नको, वेलची चालेल."

वर्षअखेरच्या अहवालात मला लिहायचं आहे की कंपनीला परकीय चलनाची आणि व्याजदराची जोखीम किती आणि ती कशी सांभाळली जाते. मी लिहिलं, 'कंपनी मिरचीचं बियाणं जपानला विकते आणि त्याच चलनात हप्ता फेडते.' ऑडिटर म्हणाले, उत्तम, याला नैसर्गिक संरक्षण म्हणतात. साठ नावं लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती. मी मोजून पाहिली.

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे.

त्या दिवशी फॅक्सच्या दुकानासमोर चार माणसं उभी होती आणि टेंभुर्णीची गाडी सुटत होती. बद्रीनाथनं घंटी मारली. मी एका हातात वाळे-झबल्याचं पुडकं आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मनात म्हटलं, कागद उद्या जाईल, पण सगुणाच्या नातवाचं नाव आज ठेवणार. कागद पुडक्यात खोचला आणि पळाले. मग रात्री तुझ्या अंगणात मी इतकी हसले की सकाळी माझ्या लेखी तो कागद कधीच पोचलेला होता.

बँकेचा फोन आला तेव्हा एका क्षणात सगळं आठवलं. तरीही तुला सरळ विचारलं नाही. अगं, विचारलं असतं तर तुला वाटलं असतं की तुझ्या बारशापायी साठ बायांचं काम गेलं. तसं तुला वाटण्यापेक्षा कागद टेलिफोनच्या तारेत अडकलेला बरा, असं वाटलं. तू तरी काय केलंस? माझी ओळ गाळून वाचलीस. या वयात आपण दोघी एकमेकींना सांभाळायला खोटं बोलायला शिकलो.

आणि खरं सांगू? पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा गाडीच पकडीन. हे वाक्य मी सतरा वर्षांच्या नोकरीनंतर लिहिते आहे, तेव्हा ते कंपनीतल्या कुणाच्या कानावर जाता कामा नये. आणि तुझ्या प्लॉटात जे बोललं जातं ते बद्रीनाथच्या गाडीतून दुसऱ्या दिवशी जालन्यात येतं.

म्हणून बद्रीनाथच्याच हाती या पत्रासोबत रेडिओचे चार सेल पाठवते आहे. त्याच्या हाती दिलेत, म्हणजे पोचतील. सेल रेडिओत घाल, बायांना गाणी लावून दे, आणि हे पत्र बांधावर एकटी बसून मनातल्या मनात वाच. उषाबाई विचारतील, आज पत्र नाही का. नाही म्हण.

सेल तू येन्याला खेळायला देशील, हे मला दिसतं आहे. तरी एवढं एक ऐकशील का?

तुझी,
अरू